वेसूचं जळकं जोतं

थांबा, थांबा. त्या दगडांच्या आत पाय ठेवू नका, आणि ती पिशवी आधी खाली ठेवा. गेल्या साली असेच चौघे आले होते. गोड बोलले, आमच्याकडे पोटभर जेवले, आणि जाताना यातला एक दगड उचलून चालते झाले. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या हातांकडे बघत बोलतो. राग मानू नका. मानलात तरी पिशवी खालीच राहू द्या.

तर हे आमच्या बेटाचं उत्तर टोक. याच्यापुढे नुसतं पाणी. हे काळे दगड दिसतात ना, ते एका घराचं जोतं आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, मधोमध तेवढा कंदील. मागे एक साहेब मोजायची फीत घेऊन आले, दगड खरवडले आणि म्हणाले, हे तुमच्या गोष्टीपेक्षाही जुनं आहे. असेल बुवा. आम्ही याला वेसूचं जोतं म्हणतो.

ही वेसू विधवा होती असं सांगतात. तिचा एकुलता एक मुलगा लखमा, तो एका होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. त्या काळी या पाण्यात चाचे फिरत. मासेमारीच्या होडीत बसून यायचे, वर जाळी पसरलेली, 'थोडं पाणी द्या' म्हणत काठाला लागायचे आणि माणसं उचलून न्यायचे. आदल्याच वर्षी या गावातल्या दोन पोरी अशा गेल्या होत्या, म्हणे. मग गाव संशय घेणार नाही तर काय करणार?

म्हणून गावाने एक खूण धरली होती. समोर तो बुटका खडक दिसतो, बंदराच्या तोंडाशी? तो देवीचा खडक. आपली होडी तिथे आली की शीड खाली घेऊन देवीला नमस्कार करायची. परक्याला हे ठाऊक नसायचं. शीड उतरलं तर आपला, नाही उतरलं तर चाचा. आणि या मागच्या टेकडीवर दिवेलागणीला मोठा जाळ पेटायचा. त्या उजेडाच्या अंदाजाने खडक चुकवून होड्या आत यायच्या.

एके दिवशी दुपारी वारा उलटला. सांजेपर्यंत समुद्र असा खवळला की काठावर माणूस उभा राहीना. दोन होड्या बाहेर होत्या. पुढच्या होडीवर लखमा, मागच्या होडीवर गावच्या धाया पाटलाचा मुलगा हरबा. अख्खं गाव टेकडीवर जाळाभोवती जमलं. अंधारत आलं तेव्हा खडकाजवळ दोन शिडं दिसली. सगळे बघत राहिले. शीड काही उतरेना.

"चाचे!" कोणीतरी ओरडलं. "आपल्यांना धरून त्यांच्याच होड्या घेऊन आलेत मेले!"

धाया पाटील म्हणाला, "जाळ विझवा. वाळू टाका."

वेसू मध्ये पडली. "अरे, वारा बघा की! या वाऱ्यात शीड उतरवलं तर होडी खडकावर जाईल. देवी माफ करील, खडक करणार नाही. माझा लखमा आहे तो, जाळ विझवू नका!"

"माझाही पोरगा बाहेर आहे, वेसूबाय," धाया म्हणाला. "तो देवीला नमस्कार केल्याशिवाय आत यायचा नाही."

आणि वाळू पडली. काय म्हणावं या माणसांना! पण खरं सांगू, मीही तिथे असतो तर वाळूच टाकली असती.

वेसूने वाद घातला नाही. एक निखारा खापरात घेतला आणि धावत इथे आली. घर झावळ्यांचं. तिने निखारा वळचणीला लावला. वाऱ्याने पेट घ्यायला कितीसा वेळ? आत तिचं धान्य होतं, नवऱ्याचं जुनं जाळं होतं, लखमाच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं लुगडं होतं. काही बाहेर काढलं नाही तिने. गाव कोयते घेऊन काठावर धावलं. या बाईने चाच्यांना वाट दाखवली म्हणून तिला शिव्या घालत.

एकच होडी आत आली. अंधारातून हाक आली, "आबा!" हरबाची हाक. धायाच्या हातातला कोयता गळून पडला.

हरबा म्हणाला, "लखमाने ओरडून सांगितलं होतं, शीड उतरवू नका, माझ्या मागोमाग या. मग उजेड गेला आणि त्याची होडी खडकावर आपटली. नंतर इकडे आग दिसली म्हणून आम्ही वाचलो."

वेसू तिथेच उभी होती. सगळं ऐकलं तिने.

धाया तिला नवं घर बांधून द्यायला निघाला, तर ती म्हणाली, "मला छप्पर नको. इथे रोज दिवा लाव. कोण आहे ते मागाहून विचार." धायाने या तापलेल्या दगडांवर हात ठेवून शपथ घेतली. वेसू पुढे धायाच्याच ओसरीवर राहिली, पण मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही असं सांगतात. बरोबरच केलं तिने.

तेव्हापासून देवीच्या खडकापाशी कोणी शीड उतरवत नाही. आजही गावातला पहिला दिवा इथे लागतो, आणि तो धायाच्या घरातल्यानेच लावायचा. सध्या तो मी लावतो. समुद्रातून कोणीही येवो, आधी त्याला काठाला घ्यायचं. मग नाव, गाव, पिशवीत काय, सगळं विचारायचं.

काल सांजेला तुमची लाँच बंद पडून खडकाकडे वाहत होती, तेव्हा मी इथूनच बघत होतो. माझा तुमच्यावर काडीचा भरवसा नव्हता. अजूनही नाही. पण वात मी मोठी केली होती.