कोल्हिणीने बांधलेली कचेरी

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक कोल्हीण राहत असे. नीटनेटकेपणाचे तिला भारी वेड. वाटेत वाळके पान दिसले तरी ते शेपटीने बाजूला सारूनच ती पुढे जाई. त्याच जंगलात उंबराखाली पाण्याची कचेरी होती. उन्हाळ्यात कुठल्या डोहात पाणी उरले आहे ते घुबड रात्री फिरून बघे आणि पहाटे कासवाला सांगे. कोणी कुठे पाणी प्यायला जायचे ते कासव ठरवी आणि खार तो निरोप पोहोचवी. तिघेही जागा मिळेल तिथे बसत. नुसता पसारा.

कोल्हिणीला तो बघवेना. मधमाश्यांचे पोळे पाहून तिने तशाच सारख्या मापाच्या खोल्या मातीने बांधल्या. घुबडाला पूर्वेची, भरपूर उजेडाची. कासवाला मानाची म्हणून वरची. खारीला शांतता मिळावी म्हणून जाड भिंतींची. प्रत्येक खोलीत एकेक मोरपीसही लावले. मग हळूच विचारले, "आवडली ना?"

"फारच छान," तिघेही म्हणाले.

खरे सांगू? पहिल्याच दिवशी घुबडाच्या डोळ्यांवर ऊन आले. दिवसा झोप होईना, म्हणून रात्री ते फांदीवर पेंगू लागले. पायऱ्या चढता-उतरता कासवाला धाप लागे आणि त्याची हाक भिंतीपलीकडे खारीला ऐकू येत नसे. पण इतक्या हौसेने बांधणाऱ्या कोल्हिणीचे मन कोण मोडणार? ती बिचारी रोज येऊन भिंती पुसून जाई.

एके दुपारी एक हरिणी पाडसाला घेऊन कचेरीत आली. सकाळी सांगितलेला डोह कोरडा निघाला होता. आदल्या रात्री पेंगलेल्या घुबडाने तो पाहिलाच नव्हता. पाडस दारात बसले ते उठेना. हरिणी म्हणाली, "जवळ कुठं पाणी आहे का हो? याला आता चालवत नाही."

"मागच्या कपारीत झरा आहे," वरून कासव म्हणाले. "वाट खारीलाच ठाऊक. खारूताई, ऐकतेस का?" खारीला काहीच ऐकू गेले नाही. कासव धापा टाकत एकेक पायरी उतरू लागले. भिंती पुसायला आलेल्या कोल्हिणीने ते पाहिले. तिने धावत वळसा घालून खारीला बाहेर काढले. हरिणीने पाडसाला नाकाने ढकलत कसेबसे झऱ्यापाशी नेले. पाडस पाणी प्यायले आणि थोड्या वेळाने उभे राहिले.

"मला सांगितलं का नाहीत?" कोल्हिणीने विचारले.

"तू एवढ्या मायेनं बांधलं होतंस गं," कासव म्हणाले. "तोंड उघडवेना."

"माझंही चुकलंच. बांधायच्या आधी विचारायचं, ते मी बांधून झाल्यावर विचारलं."

कोल्हिणीने स्वतःच भिंती पाडल्या आणि एकेकाला विचारत नवी मांडणी केली. घुबडाला अंधारी ढोली मिळाली, कासवाला दाराशी जमिनीवरची जागा आणि खारीला त्याच्या डोक्यावरची फांदी. सगळे झाल्यावर कासव जरा चाचरत म्हणाले, "दारातून धूळ येते गं अंगावर."

कोल्हिणीला इतका आनंद झाला की तिचे डोळेच भरून आले. दाराला गवताचा पडदा लावायला ती लगेच उठली.

तात्पर्य : कामाची जागा तिथे बसणाऱ्याला विचारूनच मांडावी, आणि बसणाऱ्यानेही आपली अडचण वेळेवर सांगावी, कारण असे सांगणे हीही मायाच असते.