सालीसकट

एकदा एक वृद्ध वैद्य डोंगरातल्या गावी आश्रम करून राहत होते. गावाभोवती सफरचंदाच्या बागा होत्या. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली की आश्रमातल्या रुग्णांना फळ म्हणून मिळत ते आधी वाळवून ठेवलेले सफरचंदाचे काप. वैद्यांचा एक शिष्य होता, बुद्धीने तल्लख आणि हाताने चपळ. पण स्वभावाने असा उतावळा, की दुधावर साय धरेपर्यंतही त्याला दम निघत नसे. रुग्ण समोर बसून घरचे काही सांगू लागला की हा म्हणे, "आजोबा, मुद्द्याचं बोला," आणि औषधाची पुडी बांधायला घेई.

एके दिवशी दूरच्या नगरातला एक व्यापारी आश्रमात आला. त्याने नगरात दवाखाना बांधला होता आणि तो चालवायला त्याला हा शिष्य हवा होता. शिष्याचा आनंद गगनात मावेना. परंतु गुरूंच्या अनुज्ञेवाचून वैद्य म्हणवून घेण्याची सोय नव्हती, आणि गुरू हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. ते एवढेच म्हणाले, "हिवाळा तोंडावर आलाय. यंदाची सफरचंदं तू वाळव. मग बोलू."

शिष्याने बाह्या सरसावल्या. साल वाळली की चिवट होते, दाताखाली येते, म्हणून त्याने सगळी फळे सोलून सालं शेळीपुढे टाकली. गराचे काप भट्टीवरच्या पत्र्यावर पसरले आणि खाली भरपूर लाकडे सारली. जाळ असा पेटला की जवळ उभे राहवेना. बघता बघता काम उरकले. हलके, कुरकुरीत काप ताटात घेऊन तो ऐटीत गुरूंपुढे उभा राहिला. व्यापारीही कौतुकाने पाहत होता.

गुरूंनी एक काप तोंडात टाकला, मान डोलावली आणि उठून ते गोठ्यात गेले. शेळीच्या टोपलीतली चांगलीशी सालं त्यांनी निवडली, धुतली आणि तिथेच मांडी घालून ती चवीने खाऊ लागले. पंगतीत कोणी आगंतुक येऊन बसावा तशी शेळी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"गुरुजी, अहो हे काय!" शिष्य धावत आला.

"हिचं जेवण आपल्या रुग्णांपेक्षा बरं आहे रे," गुरू म्हणाले.

शिष्याचा चेहरा उतरला. ही परीक्षा होती आणि आपण तिच्यात नापास झालो, हे त्याला कळून चुकले. तो कळवळून म्हणाला, "चेष्टा करू नका, गुरुजी. मी इथं सहा सालं काढली—"

"काढलीस खरी," गुरू म्हणाले, "आणि शेळीला घातलीस!"

व्यापारी पोट धरून हसला. शिष्यालाही हसू फुटले, पण डोळे मात्र भरून आले होते. गुरूंनी त्याला हाताला धरून जवळ बसवले.

"बाळ, हे फळ एवढे महिने झाडावर होतं. ऊन कोणी सोसलं? किडीशी कोण झगडलं? सालच ना? त्या झगड्यातून आलेला तुरट, औषधी गुण तिच्यातच जास्त साठतो. कोठा साफ ठेवणारा चोथाही तिच्यात अधिक. गर गुणाचा नाही असं मी म्हणत नाही. पण तू साल टाकलीस आणि उरलेल्या गराला जाळ लावलास. वाळवताना थोडं जातंच. वाळल्या फळाला ताज्याची सर नाही. पण आच जितकी कडक, तितकं त्यातलं नाजूक ते आधी जातं. साखर तेवढी जागची हलत नाही, म्हणून जिभेला पत्ताच लागत नाही. तू रुग्णांचं बोलणंही असंच सोलतोस."

"मग त्यांचं सगळं पाल्हाळ ऐकत बसू?"

"बिया काढून टाकाव्यातच की! पण आधी फळ हातात तर घे."

शिष्याने दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली. या वेळी सालीसकट पातळ काप, मंद ऊब आणि वाहता वारा. तो काप उलटत बसला असताना एक म्हातारा मेंढपाळ खोकत खोकत आला. त्याची ही तिसरी खेप होती.

"पोरा, तुझ्या पुड्यांनी काडीचा फरक नाही बघ."

"बसा, आजोबा," शिष्य म्हणाला. "घरी कसं काय चाललंय?"

म्हाताऱ्याने आधी मागे वळून पाहिले. प्रश्न आपल्यालाच आहे याची त्याला खात्री वाटेना. मग तो मोकळा झाला. "घरी कसलं काय! म्हातारी गेलीय लेकीच्या बाळंतपणाला. भाकरी मीच थापतो. कुत्रं हुंगतं आणि मागं फिरतं! लाकडं ओली, घरभर धूर. थंडी म्हणून दारं-खिडक्या लावून चुलीपाशीच पडतो झालं."

शिष्याचा हात थांबला. "आजी कधी गेल्या?"

"मागल्या अमावस्येला."

"आणि खोकला?"

म्हातारा विचारात पडला. "अरे, तेव्हापासूनच की!"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दोनदा हा माणूस दारी आला होता आणि दोनदा आपण त्याला पुडी देऊन वाटेला लावले होते. त्याने भट्टीपाशी उरलेल्या कोरड्या लाकडांची मोळी बांधून म्हाताऱ्याला दिली, खिडकी उघडी ठेवायला आणि चुलीपासून लांब निजायला सांगितले, आणि चार दिवसांनी मी स्वतःच येतो म्हणाला. चार दिवसांनी तो गेला तेव्हा म्हातारा थोडासाच खोकत, हसत सामोरा आला.

"औषध कोणतं दिलंत?" तो आश्रमात परतल्यावर व्यापाऱ्याने विचारले.

"काहीच नाही," शिष्य म्हणाला.

व्यापारी जरा चिंतेत पडला. गुरू मात्र प्रसन्न हसले. "न्या याला, शेटजी. तुमचा वैद्य तयार आहे."

हिवाळ्याची बेगमी करून दोघे नगराच्या वाटेला लागले. पहिल्याच वळणावर व्यापारी संकोचत म्हणाला, "वैद्यबुवा, अलीकडे मला रात्र रात्र झोप नाही. थोडक्यात सांगतो—"

"थोडक्यात नको, शेटजी," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा." आणि त्याने आपली चाल संथ केली.