ऐनाची पानगळ

डोंगर अजून बोडके होते, तेव्हाची गोष्ट. एका उतारावर मुरमाशिवाय काही नव्हतं आणि त्या मुरमात धायटीचं झुडूप एकटंच उभं होतं. धायटीचा सगळा जीव उन्हावर. शिमग्याच्या दिवसांत ती लाल फुलांनी लहडून जायची.

एकदा वाऱ्यानं ऐनाचं बी तिच्या बुडाशी आणून टाकलं. कोंब वर आला तसा बुलबुल म्हणाला, "धायटीबाई, हा ऐन आहे. मोठा झाला की तुझंच ऊन अडवील."

"ठाऊक आहे," धायटी म्हणाली. "पण आज त्याला ऊन सोसत नाही." आणि तिनं एक फांदी त्याच्यावर वाकवली.

ऐन वाढला, उंच गेला. त्याच्या गर्द सावलीत धायटीचं फुलणं थांबलं. हे ध्यानात आलं तेव्हा ऐन हादरला. भर पावसात म्हणाला, "मी पानं टाकतो."

"आत्ता नको, उपाशी मरशील. टाकायचीच तर शिमग्याला टाक."

त्या शिमग्याला ऐन उघडा झाला आणि धायटीला चार फुलं आली. पुढच्या शिमग्याला तिथं नुसती वाळकी काटकी होती.

तरी ऐन दरवर्षी पानं टाकतो. एकदा शेजारच्या सागाच्या रोपानं विचारलं, "खाली तर कुणीच नाही. मग ऊन कुणासाठी?"

"तिचं बी इथंच कुठं असेल," ऐन म्हणाला. "उगवलंच, तर ते आपणहून ऊन मागणार नाही. धायटीची जात आहे."