जबड्यांमधली फट

एकदा एका वृद्ध मिस्त्रीने आपल्या शिष्येच्या अचूक कामावर तिच्यादेखत रंधा चालवला, आणि तरीही ती हसत घरी गेली. ते असे घडले.

केरूमिस्त्रींचा एक नियम होता. लाकूड घट्ट धरून ठेवणारा व्हाइस आधी भंगारातून स्वतः बनवायचा, मगच स्वतःचे दुकान थाटायचे. विकतचा चालत नसे. शेवंता त्यांच्याकडे चार वर्षे सुतारकाम शिकत होती. दुकानासाठी घरची ओसरी तिने केव्हाच झाडून ठेवली होती. अडले होते ते व्हाइसपाशी.

पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटीतून तिने दोन जबडे काढले. गॅरेजवाल्याने टाकून दिलेल्या जॅकचा स्क्रू मिळवला आणि मुठीला मोडक्या कुदळीचा दांडा लावला. जबडे तर असे सपाट केले, की मिटल्यावर मधून केसही जाऊ नये. मोठ्या अभिमानाने तिने तो जोडलेला व्हाइस गुरूंपुढे ठेवला.

मिस्त्रींनी डोळा लावून पाहिले, झकास म्हणाले, आणि पुढचा जबडा सोडवून त्याची आतली बाजू खालच्या अंगाला तासू लागले. पुन्हा बसवल्यावर जबडे वर टेकत होते, खाली मात्र चांगली फट. तिला रडूच यायचे बाकी होते.

मिस्त्रींनी तिला एक फळी जबड्यांत उभी धरून स्क्रू पिळायला सांगितले. एकेका पिळाला फळी आणि जबड्यामधली खालची फट बारीक होत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. तिने दोन्ही हातांनी हिसडे दिले, पण फळी जागची हलेना.

"पोरी, स्क्रू खाली असतो आणि पकड वर," मिस्त्री म्हणाले. "पीळ बसला की जबडा वरून फाकतो. तुझे जबडे रिकामे असताना सरळ होते. पण त्यांना रिकामं कुठं बसायचंय? ताण आला की सरळ होईल, असं घडवायचं."

"म्हणजे मी नापास ना, काका?"

"वाकड्या जबड्यावर मी रंधा कशाला वाया घालवला असता? उद्या दुकान उघड."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पहिले गिऱ्हाईक आले ते केरूमिस्त्रीच, काखेत मोडक्या पायाचे स्टूल घेऊन. शेवंताने तो पाय व्हाइसमध्ये धरला आणि पिळू लागली. फट मिटली तेव्हा दोघांनाही हसू आले.