चर्चच्या विहिरीचा पोहरा

गावात नळ नव्हते आणि पोहरेसुद्धा बोलायचे, त्या गोड दिवसांतली गोष्ट. चर्चच्या विहिरीवर एक पोहरा होता. चर्चमधली प्रार्थना ऐकून ऐकून तोही खाली जाताना घडाघडा म्हणायचा, "प्रभू, पाणी दे, आमेन!" आणि पाण्याला टेकताच रिकामाच वर पळायचा.

एका रविवारी पाण्यावाचून बाळाचा बाप्तिस्मा खोळंबला. चर्चसाठी पाणी शेंदणाऱ्या सालोमीबाई कावल्या, "मेल्या, आता भरला नाहीस तर भंगारात घालीन!"

म्हातारा दोर हळूच म्हणाला, "लेकरा, मागतोस आणि पळतोस. देणाऱ्याला द्यायला वेळ तरी दे. मान वाकव, गप थांब."

पोहरा भीतभीत कलंडला. गार पाणी सावकाश आत आलं.

"आज मुका झालास का रे?" सालोमीबाई हसल्या.

पोहरा काही बोलला नाही. काठोकाठ भरला होता ना!