राखेतली राजकन्या

एका राज्यात राजाला वाकलेलं काहीच खपत नसे. वज्रध्वज त्याचं नाव. त्याच्या तलवारी लालबुंद तापवून तळ्याच्या गार पाण्यात बुडवीत; त्या दगडावर ओरखडा काढीत. एके दिवशी एक मांत्रिक आला नि म्हणाला, "राजा, तुझ्या लेकीलाही असंच पाणी देतो. कुणापुढे वाकणार नाही."

राजा हो म्हणाला.

मांत्रिकाने राजकन्या केतकीला मंत्राच्या आगीत तापवलं, तळ्यात बुडवलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून ती चालली की काचेसारखा आवाज येई. एका सकाळी फूल खुडायला तिने बोटं वाकवली आणि करंगळी कट्‌कन तुटून पडली. रक्त आलं नाही. तुटल्या जागी राखाडी दाणे चमकत होते. तिथून एक तडा निघाला. रोज जवभर, काळजाकडे.

राजाने तुळजा लोहारणीला बोलावलं. तिने करंगळी उन्हात धरली.

"महाराज, तुमच्या तलवारी लढाईत किती टिकतात?"

"पहिल्या घावापर्यंत."

"माझा विळा दहा वर्षांचा आहे. धातूच्या पोटात कणांच्या ओळी असतात. ओळी एकमेकींवरून सरकल्या तर धातू वाकतो. तापलेलं पोलाद एकदम गार केलं की त्या अडकून बसतात. मग ताण आला की सरकायला वाट नाही, तडाच धावतो."

"उपाय?"

"पोरीला पुन्हा तापवून गरम राखेत निजवायचं. तीन दिवस सावकाश निवू द्यायचं. पाण्याचा थेंब पडला तर तुकडे होतील. राखणीला तुम्ही बसा."

"मीच का?"

"पाणी ओतायची घाई तुम्हालाच झाली होती."

पहिल्या दिवशी राखेतून केतकीचा आवाज आला, "बाबा, भाजतंय. घोटभर पाणी द्या." राजाने कान झाकले.

दुसऱ्या दिवशी मेलेली राणी बोलली, "पोर जळतेय, आणि आपण नुसते बसलात?" राजा रडला, पण उठला नाही.

तिसऱ्या दिवशी राख राजाच्याच आवाजात हसली. "वज्रध्वजा, आत कुणी नाही. तिची कधीच धूळ झाली. शेजारची तुझ्या पिण्याची घागर ओत, बघ तरी."

राजाने घागर उचलली. मग ती त्याने तोंडाला लावली आणि तळ दिसेपर्यंत सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

राख गप्प झाली. वर धुराचा एक चेहरा उठला. तो मांत्रिकाचा होता. त्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला आणि तो विरून गेला.

तुळजाने राख बाजूला सारली. केतकीने डोळे उघडले. तिची चार बोटं बापाच्या मनगटाभोवती हळूच वळली. तडा मिटला होता. करंगळी मात्र परत आली नाही.

शाप सुटला. आता तलवारीही राखेतच सावकाश निवू लागल्या, भट्ट्यांपाशी राखेचे ढीग लागले. पुढे केतकी गादीवर बसली. चार बोटांचा हात उचलून ती निकाल देई. आणि कुणी खरं बोललं, तर दिलेला निकाल बदलीही.