शिंत्र्यांचं लाइटबिल

नको म्हटलं होतं. मठाच्या उत्सवाच्या पुस्तकात बुवांचा एक प्रसंग मी द्यायचा म्हणून विश्वस्तांनी माणूस धाडला. नाही म्हटलं तर पुन्हा धाडला. चौथी नापास माणसाकडनं लिहून घ्यायचं आणि मग त्यातल्या चुका काढत बसायचं, ही कसली हौस? चुलीपुढं बसणाऱ्याला चूल सांभाळू द्यावी. लिहितोय ते एवढ्यासाठी की नाहीतर तो माणूस परत येईल, परत चहा पिईल. छापायचं तर सगळं छापा. नावं गाळू नका.

"मग काढू ना त्याला बाहेर?"

विश्वनाथ शिंत्रेनं हे पुन्हा विचारलं. बुवा तुटलेल्या वहाणेला टाका घालत होते. मान वर केली नाही.

विश्वनाथ म्हणजे बाजारपेठेतला, वायरी आणि पंखे विकणारा. मठाचा विश्वस्त. बुवांचा शिष्य, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही.

बाहेर काढायचा होता तो त्याचा धाकटा भाऊ, गिरीश. दुकानाच्या माळ्यावरनं वायरची बंडलं उतरवताना शिडीवरनं पडला, कंबर गेली. तेव्हापासनं घरी. काठी टेकत न्हाणीपर्यंत जातो. बाकी सगळा दिवस खोलीत, टीव्हीला तो व्हिडिओ गेमचा डबा जोडून.

तो डबा विश्वनाथनं पोत्यात घालून आणला होता. पोतं उंबऱ्यापाशी पडलं होतं. वायर बाहेर लोंबत होती.

शिंत्र्यांच्या घरात बुवांच्या शब्दाशिवाय काही होत नाही. विश्वनाथ-गिरीशची आई म्हणाली होती, बुवा हो म्हणाले तरच काढ, नाहीतर आधी मला काढ. शब्द मिळेपर्यंत मायलेकांनी अन्न सोडलं होतं. ती घरी उपाशी, हा इथं. गिरीशला कुठं टाकायचं तेही ठरलं होतं. दुकानामागं पत्र्याचं गोदाम आहे, तिथं.

म्हणजे बुवांनी नुसती मान हलवली असती तर दिवस मावळायच्या आत तो अधू माणूस पत्र्याखाली गेला असता.

"काय केलं त्यानं?" बुवा म्हणाले.

"सांगितलं की. लाइटबिल. दुप्पट आलं, बुवा. दुप्पट! युनिट वाढले की दरसुद्धा वरचा लागतो. सकाळ नाही, दुपार नाही, खेळतोय आपला. कमवायचं काही नाही आणि..."

"डबा किती खातो?"

"भरपूर खातो."

"दुकानदार आहेस. गिऱ्हाइकाला काय देतोस, भरपूर वायर?"

विश्वनाथचा जबडा हलला.

"बुवा, बाकी सगळं तुमच्याकडनं शिकीन. वीज मला शिकवू नका. माझा धंदा आहे तो."

"मला येत नाही म्हणूनच विचारतो. आमच्याकडं दोन बल्ब. त्या हिशोबानं सांग."

"खेळताना... जुने शंभरचे दोन बल्ब धरा. टीव्हीचा आणखी एक."

"आणि खेळत नसतो तेव्हा?"

"तेच तर!" विश्वनाथ जागेवरनं उठला. "बंद केला तरी तो बंद होत नाही. झोपतो. बारका दिवा लावून झोपतो आणि झोपेत खातो. आयतखाऊ! डबा पण, त्याचा मालक पण."

"झोपेत किती खातो?"

"असेल... रातदिव्याएवढं."

बुवांनी दोरा दातानं तोडला.

"मग दुप्पट कशानं आलं?"

"मी तपासलंय." विश्वनाथ पुढं सरकला. आता त्याच्या आवाजात जोर आला. "मीटरपुढं उभा राहिलो मी. घरातलं एकेक बटण बंद करत गेलो. फ्रिज काढला. पंखे बंद. पाण्याची मोटर बंद. आईच्या खोलीतला दिवासुद्धा घालवला. फक्त गिरीशची खोली चालू ठेवली. आणि मीटरचा तो तांबडा दिवा... लुकलुकत कसला होता, धावत होता! तिथल्या तिथं पक्कड घेतली आणि त्याच्या खोलीची वायर कापली."

"कापल्यावर दिवा थांबला?"

विश्वनाथनं पोत्याकडं बघितलं.

"थांबला का रे?"

"ते मी बघितलं नाही. डबा पोत्यात भरत होतो."

"आणि गिरीश?"

"अंधारात बसला होता. काय करणार?"

बुवांनी वहाण पायात घालून बघितली. परत काढली.

"घरातलं सगळं बंद केलं होतंस?"

"सगळं."

"देवघर?"

बुवांनी शिवी दिल्यासारखं विश्वनाथनं त्यांच्याकडं बघितलं.

"देवघर कसं बंद करणार, बुवा? संकल्प चालू आहे."

हे देवघराचं सांगायला पाहिजे. विश्वनाथनं कोटी जपाचा संकल्प केला होता, बुवांच्या पुढ्यात, हातावर पाणी घेऊन. आता दुकान सांभाळून कोटी जप व्हायचा कसा? म्हणून त्यानं जपाचा डबा आणला. बटण दाबलं की 'नमः शिवाय, नमः शिवाय' सुरू, घसा बसत नाही की झोप येत नाही. त्याला मोठा स्पीकर जोडला. पिंडीवर धार पडत राहावी म्हणून बारका पंप. फुलं सुकू नयेत म्हणून एसी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं. तासाला जप किती होतो ते एकदा मोजून पुढं नुसता गुणाकार करायचा.

हे सगळं त्यानंच गुरुवारच्या भजनाला सगळ्यांपुढं सांगितलं होतं. ज्यांना ऐकू गेलं नाही त्यांना परत सांगितलं होतं. कोटी भरत आली होती. सांगतेचा मांडव ठरला होता.

"एसी किती खातो?" बुवांनी विचारलं.

"तो देवाचा आहे."

"देवाचाच. किती खातो?"

"दीड टनाचा आहे."

"टनावर ऊस मोजतात. बल्ब सांग."

विश्वनाथनं खाली बघितलं.

"पंधरा."

"ऐकू आलं नाही."

"पंधरा! पंधरा बल्ब! झालं समाधान?"

मी चुलीपाशी होतो. हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतं, त्याच्या मानेची शीर तटतटली होती. पण त्याला कुणीतरी पाहिजेच होतं. त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"ह्यानं! ह्या म्हाताऱ्यानं तुमचे कान भरले. पीठ मागायला आमच्या दारात येतो, आणि घरात काय चाललंय ते इथं आणून ओततो. चुगलखोर! गिरीशनंच पढवलं असणार. काय देतो रे तो तुला?"

मी त्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. पीठ ओसरीवर घेतो आणि चालायला लागतो. तसं मी बोललो. पुढंही बरंच बोलणार होतो, पण बुवांनी हात वर केला.

"बाळाप्पा, ताट आण."

मी दोन ताटं घेतली. मठाची रीत आहे. आलेला माणूस आधी जेवतो, बुवा त्याच्या मागनं. बुवांच्या गुरूंनी घालून दिलेली रीत. ती मोडलेली मी तोवर बघितली नव्हती.

"एकच."

"शिंत्रे उपाशी आहेत, बुवा."

"माहीत आहे. एकच आण."

ताट वाढून मी विश्वनाथपुढं ठेवायला वाकलो. बुवांनी ते आपल्याकडं ओढलं.

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, खर्डा, ताक. बुवा एरवी अर्ध्या भाकरीचे धनी. त्या दिवशी विश्वनाथच्या तोंडाकडं बघत, एकेक घास चावत, सगळी भाकरी खाल्ली. विश्वनाथचा गळा खालीवर होत होता. तोंडात काही नसताना गिळत होता.

"आणखी एक वाढ."

वाढली. तीही खाल्ली. ताक प्याले. मोठा ढेकर दिला.

"ऊठ विश्वनाथ, हात धू."

"का?"

"जेवलास ना."

"मी कुठं जेवलो? जेवलात तुम्ही."

"तुझ्यासाठीच जेवलो. दोन भाकऱ्या झाल्या. तुझ्या नावावर धर."

विश्वनाथचे कान लाल झाले. उठला तो सरळ उंबऱ्याकडं. पोत्यातनं डबा उपसला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. खाली पायरीचा दगड होता.

"करा थट्टा! मठावर पत्रा मी घातला. पाण्याची टाकी मी बसवली. माझी कोटी भरत आलीय, सगळा तालुका येणार आहे. आणि तुम्ही त्या आयतखाऊची बाजू घेता? शब्द द्या, बुवा. नाहीतर हा फुटला म्हणून समजा. आणि घरी गेल्यावर तोही बाहेर!"

मी पुढं झालो.

"बाळाप्पा, बस खाली." बुवा मला म्हणाले. मग त्याला म्हणाले, "फोड."

हात वरच राहिले.

"फोड की. एवढं एक सांग आणि फोड. तुझी झोपायची खोली कुठली?"

"काय?"

"कुठली?"

"मधली."

"एका अंगाला कोण?"

"गिरीश."

"भिंतीतनं काय ऐकू येतं?"

"काय येणार? खेळतो. कानाला ते लावून कुणाकुणाशी बोलत असतो. कुठली माणसं, काय माहीत. हसतो."

"तुझ्याशी बोलतो?"

विश्वनाथनं डबा वरच्यावर सावरून धरला.

"दुसऱ्या अंगाला काय?"

"देवघर."

"तिकडनं काय ऐकू येतं?"

"जप."

"कोण करतं?"

डब्याला वजन असं काही नसतं. पण विश्वनाथचे हात कोपरात वाकले. मला वाटलं, आता सुटतो आणि फुटतो. बुवा हललेसुद्धा नाहीत, जागेवरनं बघत होते.

मग तो पायरीवर बसला आणि डबा मांडीवर घेतला. लोंबणारी वायर गोळा करून गुंडाळायला लागला. दुकानात गुंडाळतो तशी, कोपराभोवती. हाताला सवय असते.

"शब्द द्या, बुवा," तो म्हणाला. आवाज पार गेला होता. "आई उपाशी आहे."

"देतो. एकाला बाहेर काढ."

"कुणाला?"

"ज्याच्यापुढं कुणी बसत नाही त्याला."

विश्वनाथ वायर गुंडाळायचा थांबला.

"आणि कोटी? भरत आली होती, बुवा. एवढा जप फुकट गेला म्हणायचा?"

"फुकट कशानं जाईल? डब्याला मोक्ष मिळेल."

विश्वनाथ उठला. मी त्याच्यापुढं ताट केलं होतं, त्याकडं बघितलं नाही. डबा छातीशी धरून ओढ्याच्या वाटेनं गेला. पोतं तिथंच राहिलं. त्यात मी आता गोवऱ्या ठेवतो.

गिरीशच्या खोलीची कापलेली वायर त्यानं त्याच दिवशी आपल्या हातानं जोडली. आईनं जेवायला घेतलं. गिरीश घरात आहे, त्याच खोलीत आहे, पत्र्याखाली गेला नाही. सांगतेचा मांडव झाला नाही. देवघराचं दार आता उघडं असतं म्हणतात. मी ओसरीच्या पुढं जात नाही, त्यामुळं आत कोण बसतं ते मला विचारू नका.

मला चुगलखोर म्हटलं ते मात्र तसंच राहिलं. गुरुवारी येतो, पंगतीत बसतो, "बाळाप्पा, ताक" म्हणतो. मी वाढतो. परवा मात्र राहवलं नाही. पंगत उठल्यावर बुवांपुढं उभा राहिलो आणि म्हटलं, ह्या विश्वनाथ शिंत्रेनं माझी माफी अजून मागितलेली नाही, ती कधी मागणार?

बुवा म्हणाले, "रांगेत उभा राहा. तुझ्यापुढं गिरीश आहे."